कलावतीबाईंची वही आणि विद्यापीठाचं हब

रायपूरच्या गुढियारी भागातल्या निम्म्या लोकांनी आपल्या हाताची शीर पहिल्यांदा कलावतीबाई टेंभुर्ण्यांच्या हवाली केली असेल. त्यांचा हात हलका. रडकं पोर समोर बसलं की त्या आधी त्याच्या शाळेची, मास्तरांची चौकशी करायच्या, आणि पोर मास्तरांबद्दल तक्रार सांगायला लागेपर्यंत नळी भरून झालेली असायची.

वडील तुमसरकडचे. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात लागले म्हणून रायपूरला आले आणि राहिले. तेव्हा हे गाव मध्य प्रदेशात होतं. कलावतीच्या पाठचा भाऊ यशदीप. हातपाय दुखतात म्हणून तो शाळा बुडवायचा. एका डॉक्टरनं संधिवात म्हटलं, दुसऱ्यानं अशक्तपणा, शेजाऱ्यांनी कामचुकारपणा. एकोणिसाव्या वर्षी तो गेला. पुढं दोन वर्षांनी नागपुरात लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करताना कलावतीनं सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी पाहिल्या, आणि भावाच्या दुखण्याचं नाव तिला तिथं कळलं. सिकलसेल. ती बाहेर जाऊन तोंड धुऊन आली आणि अर्धी राहिलेली आकृती तिनं पूर्ण केली. याबद्दल ती कुणाशी फारसं बोलली नाही. पण त्यानंतर रक्ताच्या नळीवरचं नाव ती दोनदा वाचायला लागली.

विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात, सायकल स्टँडला लागून असलेल्या एका खोलीत, कलावतीबाईंनी पंचवीस वर्षं काढली. खोलीत एक सूक्ष्मदर्शक, एक सेंट्रिफ्यूज आणि एक फ्रीज, ज्याचं दार बंद राहावं म्हणून त्याला स्टूल टेकवून ठेवावं लागे. कुलगुरू बदलले, राज्य बदललं, स्टूल बदललं नाही.

मग विद्यापीठाला हब झालं.

झालं म्हणजे कावीळ होते तसं झालं. आधी बारीक ताप होता, म्हणजे परिसंवाद वगैरे. मग एका पंधरा ऑगस्टला कुलगुरूंनी भाषणात सांगितलं की यापुढं आपलं विद्यापीठ नुसत्या पदव्या वाटत बसणार नाही, प्रदेशाच्या जैववैद्यकीय नवोन्मेषात आपली भूमिका विस्तारणार. भूमिका विस्तारायला जागा लागते. ती नव्या रायपुरात मिळाली. तिथं रस्ते रुंद आणि माणसं विरळ, त्यामुळं विस्ताराला कुणाचा अडथळा नव्हता. 'हब' नावाची चार मजली काचेची इमारत उभी राहिली. खिडक्या उघडत नव्हत्या, कारण वातानुकूलन होतं. वातानुकूलन चालत नव्हतं, कारण ट्रान्सफॉर्मर यायचा होता. उद्योग-संवाद कक्ष, गुणवत्ता कक्ष, नैतिकता कक्ष, प्रसिद्धी कक्ष असे नऊ कक्ष निघाले. त्यांतल्या एका कक्षाचं काम बाकीच्या आठ कक्षांची बैठक बोलावणं हे होतं, आणि खरं सांगायचं तर तेवढा एकच कक्ष वेळेवर काम करायचा.

संचालक झाले डॉ. यज्ञेश्वर पळसुले. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातले, हुशार, नीटनेटके. पाहुण्यांशी ते इंग्रजी बोलत, कचेरीत हिंदी, आणि मराठी काढली की समजावं, साहेबांना आपल्याकडून काहीतरी हवंय.

पहिला मोठा प्रकल्प ठरला रक्तकोशाचा. सिकलसेल या भागात पुष्कळ. तेव्हा वस्त्यावस्त्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे, तपासायचे, आणि उणे ऐंशी अंशांवर गोठवून संशोधनासाठी जपून ठेवायचे. कल्पना चांगली होती. कल्पनेबद्दल कलावतीबाईंची कधीच तक्रार नव्हती. उणे ऐंशीचा फ्रीझर परदेशातून आला तेव्हा इमारतीत वीज नव्हती, म्हणून तो तीन महिने पोर्चमध्ये उभा होता. त्या काळात त्याला हार घालून दोनदा उद्घाटन झालं.

रक्त आणायला कोण जाणार, हा प्रश्न निघाला तेव्हा नऊही कक्ष एकमेकांकडं पाहायला लागले. शेवटी कुणाला तरी सायकल स्टँडशेजारची खोली आठवली.

त्या उन्हाळ्यात कलावतीबाई गुढियारी, उरला आणि मधल्या सगळ्या वस्त्या फिरल्या. संमतीचा फॉर्म बारा पानांचा आणि इंग्रजीत. तो कुणी वाचला नाही. लोकांनी कलावतीबाईंचं तोंड पाहिलं आणि बाही वर केली. फक्त प्रत्येक जण एकच विचारायचा, "रिपोट कब मिलही, दीदी?"

"महिनाभरात," कलावतीबाई सांगायच्या. त्यांना वरून तसंच सांगितलेलं होतं.

प्रत्येक नळीला बारकोडची चिकटपट्टी लागायची. नाव लिहायचं नाही, असा नियम. कलावतीबाईंनी पट्टी लावली, पण पट्टीवर त्यांचा भरवसा नव्हता. सायकल स्टँडशेजारच्या फ्रीजमध्येसुद्धा चार दिवसांत पट्ट्या गळून पडलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. म्हणून त्या प्रत्येक नळीच्या झाकणावर न पुसणाऱ्या मार्करनं एक आकडा टाकायच्या, आणि आपल्या लांबड्या वहीत तो आकडा, बारकोडचा नंबर, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि पारा, म्हणजे मोहल्ला, लिहून ठेवायच्या. एक ते अकराशे बारा. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

नमुने तपासले गेले. निकाल संगणकात गेले. महिना झाला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. हबला दोन पुरस्कार मिळाले. रिपोर्ट कुणालाच मिळाला नाही.

कलावतीबाई भाजी घ्यायला निघाल्या की लोक थांबवायचे. पहिल्यांदा हसून विचारायचे, मग नुसतं विचारायचे, मग विचारायचे बंद झाले. ते शेवटचं बाईंना सगळ्यात जास्त लागलं. त्या बाजाराला मागच्या गल्लीनं जायला लागल्या.

त्यांचे यजमान देवीदास उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये फिटर. पाळीवरून आले की अंगावरची काळी धूळ धुवायला अर्धा तास. ते नळाखालूनच म्हणाले, "तुले महिन्याचा वायदा कराले कोनं सांगतलं होतं?"

"साहेबानं."

"मग लोकाईले साहेबाचं नाव सांग."

"लोकाईनं साहेबाले रक्त नाई देल्लं. मले देल्लं."

देवीदासांनी डोक्यावर तांब्या ओतला.

अशात एका रविवारी शेजारच्या गोदूबाई आल्या. शिवणकाम करणाऱ्या, बोलण्यात तोलून मापून. त्यांची पूर्णिमा बावीस वर्षांची; तिचं लग्न गौतमशी ठरलं होतं. गौतम देवीदासांच्याच मिलमध्ये वेल्डर. दोघांनीही मागच्या उन्हाळ्यात रक्त दिलं होतं, तिनं इथं, त्यानं उरल्याच्या शिबिरात.

"कलावतीबाई, लगन दोन महिन्यांवर आलं," गोदूबाई म्हणाल्या. "माझ्या नणंदेचे दोन लेकरं या बिमारीनं गेले. पोरीचं काय आहे, पोराचं काय आहे, पाहून घ्यावं म्हणते. तुमच्याकडे तर लिहून असंल ना?"

कलावतीबाईंकडं नाव होतं, नंबर होता, पण निकाल नव्हता. तो नव्या रायपुरात, काचेच्या आत होता. पूर्णिमाचं आणि गौतमचं रक्त पुन्हा काढून दुसरीकडं पाठवता आलं असतं. पण मग बाकीच्या अकराशे दहा जणांचं काय, हा प्रश्न त्या दिवशी त्यांच्या पुढ्यात येऊन बसला, आणि गोदूबाई गेल्या तरी तो उठला नाही.

सोमवारी त्या हबच्या बसनं संचालकांकडं गेल्या. डॉ. पळसुले हिंदीत बोलत होते, म्हणजे त्यांना काही नको होतं.

"सर, त्या लोकाईले रिपोर्ट द्यायचे राहिले आहेत."

पळसुल्यांनी समजावलं की तो रिपोर्ट नाही, डेटा आहे. त्यावर शोधनिबंध चाललाय. तो छापून येईपर्यंत काही बाहेर देता येत नाही. शिवाय नमुने अनामिक केलेले आहेत. कुणाचा कोणता, हे आता खुद्द हबलाही सांगता येणार नाही. यालाच नैतिकता म्हणतात.

"मले सांगता येते, सर," कलावतीबाई म्हणाल्या. "मले नावं ठाऊक आहेत."

पळसुल्यांनी घड्याळ पाहिलं. "ये बात बाहर मत बोलिए," ते म्हणाले, आणि पुढच्या बैठकीला गेले.

घरी मुलगी रीना म्हणाली, "मम्मी, आप इसमें मत पड़ो, रिटायरमेंट को चार साल हैं." रीनाला मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र हिंदीत यायचं.

"चार साल मी त्या गल्लीनंच बाजारात जाऊ काय?" कलावतीबाईंनी विचारलं. रीनाला कोणती गल्ली ते कळलं नाही.

पंधरा दिवसांनी दिल्लीहून पत्र आलं. हबच्या दुसऱ्या टप्प्याला मान्यता द्यायची की नाही हे ठरवायला समिती येणार. ती यादीतले कोणतेही पन्नास नंबर निवडून ते नमुने समोर मागणार. प्रसिद्धी कक्षानं लगेच फुलांच्या कुंड्या मागवल्या. गुणवत्ता कक्षानं, बहुधा पहिल्यांदाच, उणे ऐंशीच्या फ्रीझरचं दार पूर्ण उघडलं.

आत अकराशे बारा नळ्या शिस्तीत उभ्या होत्या, अगदी कोऱ्या. सगळ्या चिकटपट्ट्या गळून तळाशी पडल्या होत्या, भाजलेल्या पापडाच्या चुऱ्यासारख्या. साध्या कागदाच्या पट्ट्या होत्या त्या. थंडीत त्यांच्या डिंकानं राम म्हटला होता. हबनं नमुने अनामिक केल्याचं जे सांगितलं होतं, ते आता कुठं खरं झालं होतं.

फ्रीझरच्याच खोलीत तातडीची बैठक बसली. नळ्या ओळखायला मदत होईल म्हणून कलावतीबाईंनाही बोलावलं होतं. त्यांना दाराजवळची खुर्ची मिळाली. गुणवत्ता कक्षाच्या प्रमुखांनी सुचवलं की पट्ट्या गोळा करून हाताला येतील तशा पुन्हा चिकटवाव्यात. एकूण संख्या तीच राहते, टक्केवारी तीच राहते. सांख्यिकीच्या दृष्टीनं काही बिघडत नाही. नैतिकता कक्षाच्या प्रमुखांनी यावर विचार करायला वेळ मागितला.

तेवढ्यात फ्रीझरशी उभा असलेला एक संशोधक म्हणाला की झाकणांवर काहीतरी आकडे दिसतायत.

"हे आकडे कुणाचे?" पळसुल्यांनी विचारलं. मराठीत विचारलं.

"माझे," कलावतीबाई दाराजवळून म्हणाल्या.

पाच मिनिटांत त्या संचालकांच्या खोलीत, गादीच्या खुर्चीवर होत्या.

"कलावतीताई, चहा घ्याल ना? साखर किती?" पळसुले म्हणाले. "आपण तर एकाच गावची माणसं. ती वही तेवढी उद्या घेऊन या."

"आणते. पहिले रिपोर्ट काढून द्या. अकराशे बारा. हिंदीत, डॉक्टरच्या सहीनं, प्रत्येकाचा वेगळा, बंद लिफाफ्यात."

"अहो, समिती दहा दिवसांवर आलीय."

"लोकाईचं वर्ष झालं, सर."

पळसुल्यांची मराठी संपली. दुसऱ्या दिवशी नैतिकता कक्षाकडून नोटीस आली: प्रकल्पातली माहिती खासगी वहीत का नोंदवली, आणि ती वही विद्यापीठाच्या मालकीची असताना आपण ती ताब्यात का ठेवली, याचा खुलासा करावा. कलावतीबाईंनी दोन ओळींत खुलासा केला. नोंदवली म्हणून आज आहे. ताब्यात ठेवली म्हणून शाबूत आहे.

त्या काही लढाईला निघालेल्या बाई नव्हत्या. वरिष्ठांसमोर त्यांचा आवाज आजही बारीक व्हायचा. देवीदासांनी मात्र वही घरातून उचलली आणि आपल्या मिलमधल्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली ठेवली. "तिथं तुया साहेबाची भूमिका नाई विस्तारत," ते म्हणाले.

समिती यायला चार दिवस राहिले तेव्हा हबचे दोन प्रिंटर एकदम सुरू झाले. अट अशी ठरली की लिफाफ्यांवर नुसते बारकोडचे नंबर छापायचे, नावं कलावतीबाई वहीत पाहून घालतील, आणि लिफाफे त्यांच्या हाती पडले की वही हबला मिळेल. तरी पळसुल्यांनी एक प्रयत्न केलाच. रिपोर्ट वाटायचेच आहेत तर मोठा कार्यक्रम करू, ते म्हणाले. मंडप घालू, आमदारांना बोलावू, माइकवरून एकेकाचं नाव पुकारू.

"सर, नाव बाहेर जाऊ नये म्हणूनच तुमी वर्षभर रिपोर्ट रोखले होते ना?" कलावतीबाईंनी विचारलं. यात त्यांचा टोमणा नव्हता. त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं. पळसुल्यांनी मंडप रद्द केला.

कलावतीबाईंनी सुट्टी टाकली आणि लिफाफे घरोघर नेले. ज्याचा त्याच्या हातात. लहान मुलांचे आईबापाच्या हातात. लिफाफ्यावर पळसुल्यांचा फोटो छापून आला होता, हसरा, निकालाच्या कागदापेक्षा जाड कागदावर. लोक आधी फोटो पाहून विचारायचे, ह्यांना काय झालंय.

पूर्णिमा आणि गौतमला त्यांनी आपल्या घरी एकत्र बोलावलं, मोठ्यांना न सांगता. दोघांचेही निकाल एकच होते, एएस. दोघं वाहक.

"तुमाले स्वतःले काई होनार नाई," कलावतीबाई म्हणाल्या. "पण दोघं बी एएस आहात. प्रत्येक खेपेले, लेकरू पुरं बिमार निघायचा धोका चारात एक. लगन करू नका असं मी म्हणून नाई राहिली. माहीत असून करा, एवढंच."

गौतम कागदाची घडी घालत राहिला. पूर्णिमानं विचारलं, "आधी पता चलते काय? पोटात असतानी?"

"चलते. दिवस राहिले की लवकर मोठ्या दवाखान्यात जायचं, तिथं तपास होते. मी येईन संग."

ती दोघं उठून बाहेर ओट्यावर बसली. आत कलावतीबाईंनी तेच तांदूळ दोनदा निवडले. तासाभरानं पूर्णिमा आत येऊन म्हणाली की लग्न होणार, पण तिला आधी त्या दवाखान्यात जाऊन नीट विचारून यायचंय.

गौतमच्या आईच्या कानावर मात्र एकट्या पूर्णिमाचाच निकाल गेला, आणि त्यांनी गोदूबाईंच्या दारात येऊन आवाज चढवला. पोट्टीच्या रक्तात खोट आहे आणि आमच्यापासून लपवली, असं त्यांचं म्हणणं. गल्ली गोळा झाली. कलावतीबाईंनी कुणाचाही कागद लोकांसमोर उघडला नाही. त्या गौतमच्या आईला हाताला धरून घरात घेऊन गेल्या आणि गौतमला म्हणाल्या, "तुया कागद तूच आईले वाचून दाखव." त्यानं वाचला. बाईंनी तो कागद स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "माझ्या पोराच्या रक्तात कुठून आली?" "तुमच्यातून नाईतर त्याच्या बापातून," कलावतीबाई म्हणाल्या. "चहा ठेवू?" लग्न महिनाभर पुढं गेलं, पण झालं.

अकराशे बारांमध्ये नऊ जण पुरे आजारी निघाले, एसएस. त्यांतला एक उरल्याच्या लोखंडाच्या गोदामामागं राहणारा अठरा वर्षांचा मुलगा, गठियावरचं, म्हणजे संधिवातावरचं तेल चोळत पडलेला. आई म्हणाली, आळशी आहे, दर आठ दिवसांनी याचे गुडघे धरतात. कलावतीबाई खाटेशेजारी बसल्या. मग त्यांनी आईला सांगितलं की हा आळशी नाही, आणि तेच वाक्य दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. गोळ्या सुरू झाल्या. मुलगा आता एका गॅरेजमध्ये हिशोबनीस आहे आणि उन्हात पाण्याची बाटली बरोबर ठेवतो.

वही हबमध्ये पोचली, नळ्यांना बारकोडचे नंबर परत मिळाले. समितीच्या प्रमुख म्हणून आलेल्या दिल्लीच्या बाईंनी पन्नास नमुने पाहिले आणि विचारलं, या सगळ्यातलं लोकांपर्यंत नेमकं काय पोचलं? नऊ कक्षांनी श्वास रोखला. डॉ. पळसुल्यांनी पापणीही न हलवता सांगितलं की हबनं घरपोच निकालाचं एक अभिनव प्रतिमान विकसित केलं आहे, आणि त्याची संकल्पना पहिल्या दिवसापासून होती. बाईंनी ते लिहून घेतलं. दुसऱ्या टप्प्याला मान्यता मिळाली. अहवालाच्या मुखपृष्ठावर फोटो आला: कलावतीबाई एका दारात लिफाफा हातात धरून उभ्या. खाली लिहिलं होतं, 'एक लाभार्थी महिला'.

देवीदासांनी तो अहवाल मिलमध्ये नेऊन सगळ्यांना दाखवला.

नवं प्रतिमान गाजल्यावर, ते राबवणाऱ्यांना प्रशिक्षण हवं असं ठरलं. तीन दिवसांच्या कार्यशाळेला कलावतीबाईंनाही पाठवलं. विषय: समुदायाशी संवाद. बेंगळुरूहून तज्ज्ञ आले होते. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून आपण गरीब वस्तीतले रहिवासी आहोत अशी कल्पना करायला सांगितली. काचेच्या खोलीत बावीस वैज्ञानिक डोळे मिटून वस्तीत गेले. कलावतीबाईंनीही मिटले, दुपारचं जेवण चांगलं होतं, त्यांना जरा डुलकी लागली. संध्याकाळी त्यांना 'रक्त द्यायला नकार देणारी बाई' अशी भूमिका मिळाली आणि एका तरुण शास्त्रज्ञानं त्यांचं मन वळवायचं होतं. त्यानं अर्धा तास पेशी, जनुकं आणि देशाचं भवितव्य सांगितलं. कलावतीबाई शेवटपर्यंत नाही म्हणत राहिल्या. तज्ज्ञांनी त्यांच्या मूल्यमापनात लिहिलं की सहभागी व्यक्तीनं अधिक मोकळ्या मनानं संवाद शिकण्याची गरज आहे. प्रमाणपत्र तरी दिलं.

दुसऱ्या टप्प्यात तीन हजार नमुने घ्यायचे होते. कलावतीबाई निघण्याआधी संचालकांच्या खोलीत गेल्या आणि एक कागद पुढं सरकवला: निकाल पंचेचाळीस दिवसांत, नाहीतर नमुने गोळा करणं बंद. पळसुल्यांनी तो वाचला आणि कोणत्या भाषेत बोलावं याचा क्षणभर विचार केला. मग काही न बोलता सही केली.

सोमवारी सकाळी कलावतीबाईंनी बाजाराच्या मुख्य रस्त्यावर, पिंपळाच्या सावलीत टेबल मांडलं. त्या दिवशी अडतीस जणांनी बाही वर केली.